मदत हवी आहे: अ‍ॅना फ्रॉइड, मेलनी क्लाइन आणि ट्रान्सफरन्स

एम.ए.च्या सेमिनारसाठी बालमनोविश्लेषणावर लिहितेय. मेलनी क्लाइन आणि अ‍ॅना फ्रॉइड (सिग्मंड फ्रॉइडची मुलगी) या दोघी त्यातल्या सुरुवातीच्या विश्लेषक. क्लाइन मुलाच्या खेळाला मोठ्यांच्या मुक्त साहचर्याचं (मनात येईल ते न अडवता बोलण्याचं) स्थान देतात. पराहम् (सुपरइगो, मनातला नैतिक पहारेकरी) त्यांना पहिल्या दोन वर्षांतच दिसतो. सिग्मंड फ्रॉइडच्या मते तो इडिपस गंड (आईवडिलांपैकी एकाची ओढ आणि दुसऱ्याशी चढाओढ) ओसरताना, पाच-सहाव्या वर्षी घडतो. इथवर कळलं. (फ्रॉइडच्या मुख, गुद, लैंगिक या बालविकासाच्या अवस्था पाठ आहेत, त्या कृपया नकोत.)

अडलंय ते ट्रान्सफरन्सवर, म्हणजे आईवडिलांबद्दलच्या जुन्या भावना विश्लेषकाकडे वळण्यावर. आईवडील अजून मुलाच्या रोजच्या आयुष्यात असल्यामुळे विश्लेषकाशी मोठ्यांसारखा पूर्ण ट्रान्सफरन्स होत नाही, असं अ‍ॅना १९२७ मध्ये मांडतात. लंडनमधल्या, अ‍ॅना आणि क्लाइन यांच्या गटांतल्या १९४१-४५ च्या वादचर्चांचे निवडक भाग वाचले, तिथेही गुंता सुटला नाही. इंग्रजी चालेल, जर्मन येत नाही. अ‍ॅनानी ही भूमिका पुढे बदलली का, आणि बदलली असेल तर नेमकी कोणत्या लेखनात?