एंकहाउझेनमध्ये एकटीने चार रात्री: मुक्काम, कार्ड, सायकल, शाकाहार

मीनल_प
मे महिन्यात नेदरलँड्सला जाते आहे. अ‍ॅमस्टरडॅममधले हॉटेलांचे दर पाहून तिथून ट्रेनने तासाभरावरच्या एंकहाउझेन या बंदराच्या गावी चार रात्री काढायचं ठरतंय. एकटीच आहे आणि गाडी चालवणार नाही. ट्रेनसाठी आपलं बँकेचं कार्ड पुरतं का? एवढ्याशा गावात मुक्कामाला काय बघावं? सायकल भाड्याने मिळते असं वाचलं, पण मी फक्त आपल्याकडची साधी सायकल चालवलेली आहे. अंडं चालतं, मांस-मासे नाहीत. शेवटचं म्हणजे, चार रात्री जास्त होतील का? दोन दिवसांत गाव संपतं असं काही जण म्हणतात.

रूळावरचा
फक्त कार्डाबद्दल लिहितो, कारण पैसे तिथेच वाया जातात.

जानेवारी 2023 पासून नेदरलँड्समधल्या सगळ्या ट्रेनमध्ये काँटॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवून प्रवास करता येतो. वेगळं तिकीट लागत नाही. चढण्याआधी स्टेशनावरच्या कार्ड वाचणाऱ्या खांबाला किंवा फाटकाला कार्ड टेकवायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. भाडं दुसऱ्या वर्गाचं, पूर्ण दराने कापलं जातं. रुपे तिथे चालत नाही. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टॅप अँड पे ही दोन वेगवेगळी बटणं चालू करा. बरेच जण पहिलं चालू करतात, दुसरं राहतं, आणि मग फाटकासमोर लाल दिवा लागतो.

चुका होतात त्या दोन. पहिली म्हणजे चढताना फोन आणि उतरताना प्लास्टिकचं कार्ड. फोनमधल्या कार्डाचा क्रमांक आतून वेगळा असतो, त्यामुळे यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी, दोघांचाही प्रवास अर्धवट. दुसरी म्हणजे उतरल्यावर कार्ड टेकवायला विसरणं. मोठ्या स्टेशनांवर फाटक अडवतं, म्हणून आठवण राहते. लहान स्टेशनांवर नुसता खांब उभा असतो, माणूस गप्पा मारत त्याच्यापुढून निघून जातो. एनएस म्हणजे डच रेल्वेच्या ट्रेनमध्ये विसरलात तर 20 युरो कापले जातात, बसमध्ये 4. ते ओव्हीपे (कार्ड टेकवून भाडं भरण्याची हीच व्यवस्था) हिच्या संकेतस्थळावरून परत मागता येतात, म्हणून बँकेच्या नोंदीत त्या व्यवहारासोबत येणारा क्रमांक जपून ठेवा.

स्खिपोल विमानतळावरून स्लोटरडाइक किंवा अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रालला गाडी बदलायची. सेंट्रालपासून साधारण तासाभराचा प्रवास. होर्नपर्यंत गाडी पळते, पुढे प्रत्येक स्टेशनावर थांबते. एंकहाउझेन हे शेवटचं स्टेशन, रूळ बंदराशीच संपतात, त्यामुळे उतरायचं राहून जाण्याची भीती नाही. शनिवार-रविवारी रुळांचं काम निघालं की गाडीऐवजी बस सोडतात, त्या दिवशी निघण्यापूर्वी एनएसचं अ‍ॅप बघाच.

कालव्याकाठी
मुक्कामाचं सांगते. ताई, हॉटेलं मोजकीच आहेत, जास्त करून घरगुती बेड अँड ब्रेकफास्ट मिळतील. त्यात तीन गोष्टी आधी विचारा. खोली कितव्या मजल्यावर आहे? जुन्या डच घरांतला जिना म्हणजे जवळजवळ शिडी, पायऱ्या जेमतेम अर्ध्या पावलाच्या. तेवीस किलोची बॅग वर चढवताना रडू येतं. पोचण्याची वेळ काय? घरमालक चोवीस तास दारात बसलेला नसतो, बहुतेक ठिकाणी दुपारी तीन ते सहा अशी ठरावीक वेळ असते, उशीर होणार असेल तर मेसेज करून ठेवा. आणि दाखवलेल्या दरात पर्यटक कर धरलाय का? तो माणशी, प्रत्येक रात्रीमागे लागतो, बऱ्याचदा वेगळा. 1 जानेवारी 2026 पासून मुक्कामावरचा व्हॅट 9 टक्क्यांवरून 21 झाला आहे, तेव्हा जुन्या ब्लॉगांमधले दर विसरा. एकट्या माणसाला खोलीचा दर निम्मा होत नाही, हेही धरून चला.

मे महिन्यात असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार अशा ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या येतात. गुरुवारला जोडून शुक्रवारची रजा काढायची तिथे रीतच आहे. बंदर शिडाच्या बोटींनी आणि खोल्या माणसांनी भरून जातात. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर आजच आरक्षण करा, किंवा आठवडा बदला.

दुकानांचं वेळापत्रक आपल्यापेक्षा उलटं. सोमवारी सकाळी बरीच दुकानं बंद, एकच्या सुमारास उघडतात. रेस्टॉरंटांची सुट्टीही बऱ्याचदा सोमवारी किंवा मंगळवारी. संध्याकाळी स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. मे महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळ कळत नाही आणि उपाशी राहण्याची पाळी येते. साडेसहाला जा, एकटीला टेबल सहज मिळतं. सुपरमार्केट उशिरापर्यंत उघडं असतं, रविवारी तास कमी.

काही दुकानं नुसती कार्डावर चालतात, काही क्रेडिट कार्ड घेत नाहीत. डेबिट आणि क्रेडिट दोन्ही बाळगा, थोडे युरो रोख ठेवा. नोटा पन्नासपर्यंतच्याच घ्या, शंभर-दोनशेची नोट दुकानदार परत करतो.

सायकलवेडा
सायकल स्थानिक दुकानातूनच घ्या. स्टेशनावरची ओव्ही-फीट्स ही पिवळी-निळी सायकल डच सदस्यत्वाशिवाय मिळत नाही, तिच्या नादी लागू नका.

तुम्हाला अडचण येईल ती ब्रेकची. भाड्याच्या साध्या सायकलीला बऱ्याचदा हातात ब्रेकच नसतो. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला उतारावर किंवा सिग्नलला पेडल उलटं फिरवत बसायची सवय असते, इथे तसं केलंत तर सायकल जागच्या जागी थबकते. निघताना त्रास आणखी वेगळा: पेडल मागे ओढून हवं त्या जागी आणता येत नाही. म्हणून थांबतानाच एक पेडल वर, किंचित पुढे येईल असं थांबा. दुकानाबाहेर दहा मिनिटं सराव केला की जमतं. नकोच असेल तर हातब्रेक आणि गिअरवाली मागा, भाडं थोडं जास्त पडेल. उंची 160 सेंमीच्या आसपास असेल तर 50 सेंमी किंवा त्याहून लहान फ्रेम मागा. डच माणसं उंच, सायकलीही उंच.

कुलपं दोन: मागच्या चाकाचं गोल कुलूप, आणि साखळी, जी खांबाला किंवा कठड्याला अडकवायची. नुसतं गोल कुलूप लावलं तर चोर अख्खी सायकल उचलून नेतो.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात. टोकं तुमच्याकडे असतील तर तुम्ही थांबायचं. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. फोन हातात धरून सायकल चालवणं जुलै 2019 पासून दंडनीय आहे, म्हणून नकाशा बघत जाऊ नका. तिथे चौकाचौकांना क्रमांक दिलेले आहेत. सकाळी क्रमांकांची यादी कागदावर लिहून हँडलला चिकटवा आणि पाट्या बघत जा.

वारा आधी बघा. चढ नाहीत, पण पाणी अडवणाऱ्या बांधावर आडोसाही नाही, समोरचा वारा घाटासारखा दमवतो. वारा बहुधा नैऋत्येकडून असतो, पण त्या दिवशीचा अंदाज पाहून जाताना समोरून घ्या, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी येईल. एंकहाउझेन ते लेलिस्टाड हा हाउट्रिब बांध 27 किलोमीटरचा, दोन्हीकडे पाणी. पहिल्याच सायकलीवर त्या वाटेला जाऊ नका.

मीनल_प
उलट्या पेडलचं माहीतच नव्हतं! हातब्रेकवालीच घेईन. जेवणाचं आणि चार रात्रींचं कुणी सांगेल का?

भाकरी_चीज
अंडं चालतं म्हणजे सोपं आहे, पण काही गोष्टी लपून येतात. भाज्यांचं सूप म्हणून जे मिळतं त्यात मांसाचे बारीक गोळे असतात. मोहरीच्या सूपवर बेकनचे तुकडे भुरभुरलेले असतात, न घालता द्यायला सांगा. इंडोनेशियन किंवा सुरिनामी टपरीवरच्या सांबल या मिरचीच्या चटणीत बहुधा कोळंबीची पेस्ट असते. चीज-सूफ्ले हा तळलेला पदार्थ शाकाहारी, पण मांसाच्या क्रोकेटच्या तेलातच तळला जातो, आणि काही दुकानं तळायला गाईची चरबी वापरतात. चालणार नसेल तर विचारा.

चीजबद्दल: पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं. वेष्टनावर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटारिश स्ट्रेमसेल’ दिसलं तर ते घ्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटल्या आणि कॅनवर 15 सेंट अनामत असते, मोठ्या बाटलीवर 25, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती मिळते, ती गल्ल्यावर द्यायची.

कालव्याकाठी
चार रात्री जास्त नाहीत, पण नुसतं गाव बघायचं म्हटलं तर दोन पुरतात. झाउडरझे संग्रहालयाला पूर्ण दिवस द्या. 1932 मध्ये आफ्स्लाउटडाइक या बांधाने झाउडरझे ही समुद्राची खाडी बंद केली, हेरिंग माशांवर जगणारे कोळीवाडे ओस पडले. तिथली घरं, चुन्याच्या भट्ट्या, धुलाईघर उचलून इथे पुन्हा उभी केलेली आहेत. हा उघड्यावरचा भाग ऑक्टोबर अखेरीस बंद होतो, मे महिन्यात चालू असतो. बोटीने आत जायचं, तिचे पैसे तिकिटातच येतात. दुसऱ्या दिवशी बांधावरून सायकलने मेडेम्ब्लिक या गावी.

तिसऱ्या दिवसासाठी मात्र हे करा: बंदरावरून पाण्यापलीकडच्या स्टाफोरेनला जाणारी बोट, दीड तासाची. तिथून अरिव्हा या दुसऱ्या कंपनीची ट्रेन हिंडेलोपेन, स्नेकवरून लेउवार्डेनला जाते. ट्रेनने परत येणार असाल तर लेउवार्डेनला गाडी बदलताना अरिव्हाच्या खांबाला कार्ड टेकवून बाहेर पडा आणि एनएसच्या खांबाला पुन्हा टेकवा, कंपनी बदलते. बोटीनेच परतणार असाल तर शेवटच्या बोटीची वेळ आधीच बघून ठेवा, कारण ती दुपारीच निघून जाऊ शकते. बोटीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ट्रेनचं कार्ड तिथे चालत नाही.