पुरणपोळी स्टाउट: गोडी गायब, वेलची डोक्यात गेली, काय चुकलं?

तळघरातला_भट्टीवाला (न्यू जर्सी)
मंडळी, बेसमेंटमध्ये बिअर करायला लागून दोन वर्षं झाली, पेल एल वगैरे नीट जमतं आता. यंदा होळीला आमच्या ग्रुपसाठी पुरणपोळीच्या चवीची स्टाउट (काळी, भाजक्या चवीची बिअर) करायची असं डोक्यात घेतलंय आणि बायकोसमोर बोलूनही बसलोय, त्यामुळे आता माघार नाही. आधी एक गॅलनचा ट्रायल केला. साधा स्टाउटचा वर्ट (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, म्हणजे माल्टचं, गोड पाणी), त्यात २०० ग्रॅम गूळ उकळतानाच टाकला, १० वेलदोडे कुटून आणि अर्धं जायफळ किसून थेट फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात. ओजी (आंबवण्याआधीची घनता, साखर जास्त तर आकडा जास्त) १.०६४ होती, दहा दिवसांनी १.०१० वर आली आणि लगेच बाटल्या भरल्या.
चव म्हणाल तर गोडाचा पत्ताच नाही, पातळ आणि कोरडी, वेलची तर अशी की चूळ भरायचं औषध प्यायल्यासारखं वाटतं. एकच गोष्ट झकास जमलीये, घोट घेतल्यावर मागून तुपाचा मस्त वास येतो, तूप न घालता! तो तसाच ठेवून बाकीचं कसं सुधारू? आणि पुरणाची चव यायला मॅशमध्ये (माल्ट गरम पाण्यात भिजवतो त्यात) हरभऱ्याची डाळ घातली तर? पुढची बॅच १९ लिटरची आहे, वाया गेली तर घरात तोंड दाखवायला जागा नाही.

माल्टवाली_ताई (टेक्सास)
अरे वाईट वाटून घेऊ नकोस पण तुला जे सगळ्यात आवडलंय ना, तोच दोष आहे 😄 तो तुपाचा वास म्हणजे डायसेटिल. मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नला जो बटरचा वास येतो ना, तोच. यीस्ट आंबवताना हे तयार करतं आणि शेवटी शेवटी स्वतःच परत खाऊन टाकतं, पण त्याला तेवढी ऊब आणि वेळ मिळाला तर. तुझं बेसमेंट जानेवारीत किती असतं? १४-१५ डिग्री असेल तर यीस्ट गारठून खाली बसलं आणि तू बाटल्या भरून मोकळा झालास. आत्ता तूप वाटतंय, महिन्याभराने तेच खवट वाटेल बघ.
पुढच्या वेळी १८ ला सुरू कर, ग्रॅव्हिटी (तीच घनता) उतरायची थांबत आली की फर्मेंटर वर घरात आण, २०-२१ वर तीन-चार दिवस राहू दे. मग थोडं सँपल झाकणाच्या बरणीत घालून ती बरणी ६० डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, गार करून शेजारी साध्या सँपलचा ग्लास ठेवून दोन्ही हुंगायचे. गरम केलेल्याला लोणी आलं तर अजून थांब. मी हे आळसाने टाळायचे, मग एकदा चाळीस बाटल्या सिंकमध्ये ओतल्या तेव्हापासून टाळत नाही.
आणि खरं तूप घालायचा विचार मनात आला असेल तर तिथेच सोड, फेस पार बसतो आणि वर तवंग येतो.

हॉप्स_आणि_हिंग (मिल्टन कीन्स)
गुळाचं सांगतो. गूळ म्हणजे जवळपास सगळी साखरच, यीस्ट तिचा फडशा पाडतं. गोडी जाते, मागे काकवीसारखा, थोडा रमसारखा वास राहतो आणि अंगाने बिअर उलट पातळ होते. तू तर एकूण साखरेचा पाव भाग गुळाचा केलास, मग कोरडी नाही होणार तर काय!
गोडी हवी तर लॅक्टोज घाल. दुधातली साखर, आपल्या बिअरच्या यीस्टला ती पचत नाही म्हणून तशीच राहते. इकडे केंटमधल्या मॅकेसनने गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच यावर मिल्क स्टाउट काढली होती, तेव्हा नवीन काही नाही यात. १९ लिटरला ४५० ग्रॅम, उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत. गूळ ३५० ग्रॅमच्या वर नको, काळपट घे, तो पिवळाधमक नको, आणि आच बंद करून टाक नाहीतर तळाला लागतो. मॅश ६८ डिग्रीला ठेव म्हणजे अंग राहतं. ओजी १.०७४ च्या आसपास धरलीस तर १.०२४-२५ ला थांबेल, घाबरू नको, तेवढंच हवंय. पार्टीत कोणाला दूध चालत नसेल तर आधी सांग मात्र, नाहीतर होळीच्या आधीच शिमगा.

माल्टवाली_ताई
मसाल्याचं राहिलं. थेट टाकलं की हातात काही राहत नाही, काढून घेता येत नाही ना परत! ८ वेलदोड्यांचे दाणे भरड कुटून आणि पाव जायफळ किसून वेगवेगळ्या छोट्या बाटल्यांत ५०-६० मिली व्होडकात चार दिवस ठेव, गाळ. मग १०० मिली बिअर घेऊन औषधाच्या सिरिंजने थोडं थोडं घालत चाखत जा. ०.२ मिली बरं वाटलं तर १९ लिटरला ३८ मिली, सरळ हिशोब. बाटल्या भरायच्या दिवशीच घालायचं. जायफळ पुढे आणि वेलची मागे ठेव, पुरणात तसंच असतं की.

कटाची_आमटी (शिकागो)
डाळ मी घालून बघितलीये!!! अर्धा किलो हरभरा डाळ शिजवून, पुरणयंत्रातून काढून मॅशमध्ये. गाळायला तीन तास लागले, सगळा लगदा झाला आणि वर्टला कटाच्या आमटीचा वास. फोडणी तेवढी द्यायची राहिली होती. डाळीचा नाद सोड. भाजलेल्या पोळीची चव हवी तर मॅरिस ऑटर या इंग्लिश माल्टचा बेस, थोडं बिस्किट माल्ट आणि अर्धा किलो ओट्सचे पोहे, आणि भाजलेलं बार्ली अगदी कमी, नाहीतर करपलेली पोळी लागते.

पुणे३०
भारी चाललंय! इकडे घरी करता येईल का हो?

हॉप्स_आणि_हिंग
नाही रे, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी काढली तर गुन्हा. तू आपला मायक्रोब्रुअरीत जाऊन पी.

तळघरातला_भट्टीवाला
इकडे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती चालते, दोन मोठी माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन, विकायची मात्र नाही.
ताई, तुझा नेम बरोबर. बेसमेंटमध्ये थर्मामीटर ठेवला, १४ डिग्री!! उरलेल्या बाटल्यांतली एक काल बायकोला दिली, ती म्हणाली पॉपकॉर्नचा वास कुठून येतोय, आणि आता मलाही तूप लागेनासं झालंय, फक्त पॉपकॉर्न. शनिवारी १९ लिटरची मोठी बॅच लावतोय, डाळ रद्द, लॅक्टोज आणलंय. एकच विचारतो, १.०२५ ला थांबली की संपली म्हणून थांबली का थंडीने झोपली हे कसं कळणार?

माल्टवाली_ताई
वर उबेला आणून हलकेच हलव आणि तीन दिवस लागोपाठ हायड्रोमीटर (घनता मोजायचं साधन) लाव. आकडा हलला नाही तर संपली. हलला तर बाटल्यांना हात लावू नकोस, त्या गुळाने रात्री दीड वाजता बाटली फोडली की अख्खं घर उठतं.