टिनाच्या शेडमधला म्युऑन टेलिस्कोप: दुपारी कोइन्सिडन्स तिप्पट का होतात?

पऱ्हाटी_४४
एमएस्सी प्रोजेक्टचा सेटअप आहे, आकाशातून येणारे म्युऑन (वैश्विक किरणांतले विद्युतभारित कण) मोजायला. जागा यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, टिनाचं शेड, दुपारी आत ४४ अंश. ५×५×१ सेंमीचे दोन प्लास्टिक सिंटिलेटर पॅनेल (कण आरपार गेला की चमकतात), मध्ये १० सेंमी अंतर. प्रत्येकावर मायक्रोएफसी-६००३५ एसआयपीएम (ती चमक टिपणारा सिलिकॉन सेन्सर), त्याला बायस म्हणजे चालवायचा व्होल्टेज २७ व्होल्ट, १० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडच्या फिल्टरमधून. सिग्नल थ्रेशोल्डच्या वर गेला की कंपॅरेटर पल्स देतो, ती १०० नॅनोसेकंदांची करून एफपीजीएमध्ये (प्रोग्रॅम करता येणारी लॉजिक चिप) अँड, म्हणजे दोन्ही पल्स एकत्र आल्या तरच नोंद.

रात्री सिंगल्स (एकेका चॅनलच्या पल्स) सेकंदाला ६०, कोइन्सिडन्स (दोन्हीकडे एकाच वेळी) मिनिटाला ३. दुपारी सिंगल्स ४५०, कोइन्सिडन्स ९. थ्रेशोल्ड २० मिलिव्होल्ट होता. ३५ केला तर दुपारी ६ उरतात. अजून किती वाढवू?

शून्यदाब
थांबा, आधी खरे किती हवेत ते काढा. वरून येणारे म्युऑन दर चौरस मीटर, दर सेकंद, दर स्टेरेडियन (घनकोनाचं एकक) साधारण ७०. तुमच्या मापात २५ × २५ ÷ १०० = ६.२५ चौसेंमी-स्टेरेडियन, म्हणजे मिनिटाला अडीचच्या आसपास. रात्रीचा आकडा बरोबर आहे.

आता योगायोगाचे, म्हणजे दोन असंबंधित पल्स जुळून झालेले कोइन्सिडन्स: २ × पल्सची रुंदी × दोन्ही सिंगल्सचा गुणाकार. दुपारी २ × १०० नॅनोसेकंद × ४५० × ४५० = सेकंदाला ०.०४, मिनिटाला २.४. जास्तीच्या ६ पैकी उष्णतेच्या नावावर एवढेच जातात, आणि थ्रेशोल्ड वाढवल्यावर तेच गेले. उरलेले साडेतीन डार्क काउंटचे (प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये उष्णतेने उठणाऱ्या पल्सचे) नाहीत. पडताळा हवा तर एका चॅनलला एफपीजीएत २०० नॅनोसेकंद उशीर द्या. खरे म्युऑन गायब होतील, योगायोगाचे तेवढेच राहतील.

दुसरं, या एसआयपीएमचा ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करतो) अंशाला २१.५ मिलिव्होल्टने चढतो. २१ ते ४४ अंशांत अर्धा व्होल्ट गेला. अडीचचा ओव्हरव्होल्टेज (बायस वजा ब्रेकडाउन) दोनवर आला, सिग्नल पाचव्या हिश्श्याने घटला. त्यामुळे थ्रेशोल्ड नुसता वर नेत राहिलात तर म्युऑनही कापाल.

वर्धाकाठचा
भाऊ, दुपारी तुमच्याकडे थ्री फेज असते का? शेतीच्या फीडरवर लाइन आली की ऑटोस्टार्टरवाले सगळे पंप एकदमच उठतात. तो झटका दोन्ही चॅनलमध्ये एकाच क्षणी शिरते, म्हणून कोइन्सिडन्सच्या चाळणीतून आरामात निघून जाते. टाइमस्टॅम्प पाहा. म्युऑन विखुरलेले येतात, पंपाचे घोसानं.

तिसरा चॅनल बनवा: तोच बोर्ड, पण एसआयपीएमच्या जागी ३.३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. एसआयपीएमची कपॅसिटन्स जवळपास तेवढीच असते. हा चॅनल वाजला तर त्या क्षणाची नोंद फेकून द्या.

पऱ्हाटी_४४
पाहिलं. थ्री फेज सकाळी १० ते संध्याकाळी ६. जास्तीच्या नोंदी मिलिसेकंदांच्या घोसांत आहेत, एका घोसात पाच-सात.

वर्धाकाठचा
मग अर्थिंग पाहा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, रेझिस्टन्स वाढते. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून रोज पाणी टाका. दोन्ही पॅनेलच्या केबलची शील्ड एकाच बिंदूला जोडा. दोन ठिकाणी जोडली की लूप बनते आणि तीच अँटेना होते. इन्व्हर्टर काढून १२ व्होल्ट बॅटरीवर एक दुपार चालवून पाहा. घोस तरीही आले तर झटका हवेतून येऊन राहिला, सप्लायमधून नाही. मग पॅनेल आणि अँप्लिफायर दोन्ही एकाच पत्र्याच्या डब्यात बंद करा.

शून्यदाब
डबा उघडलाच आहे तर त्या १० किलोओहमच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. २१ अंशांना साधारण ६ मिलिव्होल्ट, ४४ ला २० च्या आसपास दिसायला हवेत. टॉर्च सांध्यावरून फिरवताना आकडा उडाला तर काळी टेप उन्हाने सुटली आहे. तो ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक ५० व्होल्टचा आहे ना, तेही बघा. कमी रेटिंगचा असेल तर २७ व्होल्टखाली त्याची किंमत निम्म्यावरही येते.

आणि पॅनेल कूलरच्या झोतात ठेवू नका. गारवा मिळतो, पण ओलाव्याने बोर्डावरच्या सोल्डरच्या फ्लक्समधून बायसची गळती सुरू होते, वर कूलरची मोटर आहेच. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या चालतील, सोबत सिलिका जेल हवंच.

सर्न प्रयोगशाळेत सीएमएस डिटेक्टरच्या नव्या कॅलोरिमीटरचे (कणांची ऊर्जा मोजणारा भाग) एसआयपीएम उणे ३० अंशांच्या आसपास ठेवायचे आहेत, पण तिथे मुख्य दुखणं किरणोत्साराने वाढणाऱ्या डार्क काउंटचं आहे. तुम्हाला ३० अंशांवर स्थिर ठेवता आलं तरी बायस पुन्हा पुन्हा लावावा लागणार नाही.