'मेटॅलोसर्फॅक्टंट'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका
दाट खनिज तेल जमिनीतून काढण्यासाठी वापरायच्या रसायनांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात 'मेटॅलोसर्फॅक्टंट' येतं, म्हणजे साबणासारखं तेल-पाण्याच्या सीमेवर बसणारं (सर्फॅक्टंट) पण धातू असलेलं रसायन. मसुद्यात 'धातुयुक्त पृष्ठसक्रियक' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'धातु-आधारित' केलं. हा 'आधारित' मला पटत नाही. काय ठेवावं?

द्रवगती
दोन्ही नकोत. 'धातुयुक्त' म्हटलं की साधा साबणसुद्धा त्यात येतो, कारण सोडियम धातूच आहे. पण पाण्यात तो सुटा होतो आणि सीमेवरचं काम उरलेला ऋणभारित भाग करतो. मेटॅलोसर्फॅक्टंटमध्ये तांबं, निकेल, कोबाल्ट असा धातू रेणूच्या डोक्यातच नायट्रोजन-ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉन-जोड्यांनी धरून ठेवलेला असतो, आणि मागे बारा-सोळा कार्बनची शेपटी असते. म्हणून 'धातुशीर्ष' म्हणा. धातू कुठे आहे ते शब्दातच कळतं.

तळटीप
'धातुशीर्ष' सुटसुटीत आहे, पण अपुरा. तेल पातळ करायला विहिरीत वाफेबरोबर सोडतात ती लोहाची किंवा निकेलची डोडेसाइलबेन्झीन सल्फोनेटं (हीही सर्फॅक्टंटच) त्यात बसत नाहीत. तिथे धातू नुसता विरुद्ध भारामुळे जोडलेला असतो, सोडियमसारखाच. फरक आहे तो कामात. २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तेलातले कार्बन-गंधक बंध तोडायला धातू मदत करतो, आणि शेपटी त्याला तेल-पाण्याच्या सीमेवर आणून बसवते. नाव कामावरून द्यायचं तर 'सीमा-उत्प्रेरक'.

आणि मूळ मजकुरात 'सल्फेट' असेल तर त्याचं 'सल्फोनेट' होऊ देऊ नका, उलटही नको. सल्फेट वाफेच्या तापमानाला तुटतं, तुटताना आम्ल सुटतं, आणि ते आम्ल तोड आणखी वाढवतं. लोहाचे क्षार मुळातच पाणी आम्लधर्मी करतात, त्यामुळे तिथे हे लवकर होतं. सल्फोनेट टिकतं. मराठी वाचकाला एका अक्षराचा फरक वाटेल, विहिरीत तो सगळा फरक आहे.

शुद्धलेखन
सर्फॅक्टंटला 'पृष्ठसक्रियक' कशासाठी? पृष्ठ म्हणजे द्रव आणि हवा यांमधला थर. तेल आणि पाणी यांच्यामध्ये असतं ते आंतरपृष्ठ. शब्द घडवायचाच तर नेमका घडवा, नाहीतर सरळ 'सर्फॅक्टंट' लिहा. अर्धवट संस्कृत नको.

द्रवगती
'पृष्ठताण' रुळलेला आहे, त्यामुळे 'पृष्ठसक्रियक' वाचकाला लागतो. 'आंतरपृष्ठसक्रियक' मोठ्याने म्हणून पाहा.

खनिजवाचक
मला 'हेवी ऑइल'साठी रुळलेलं 'जड तेल' जास्त खटकतं. बोलीत जड पाणी म्हणजे फेस न येणारं, पुस्तकातलं दुष्फेन. अणुविज्ञानात जड पाणी म्हणजे ड्यूटेरियमचं. इथे तर जड तेल आणि जड पाणी एका परिच्छेदात येणार, कारण दुष्फेन पाण्यातलं कॅल्शियम सल्फोनेटला साका करून खाली बसवतं. 'दाट तेल' म्हणा.

तळटीप
व्याख्या दाटपणावर नाही, घनतेवर आहे. ती एपीआय अंशांत सांगतात; अंश जितके कमी तितकी घनता जास्त. २२.३च्या खाली तर जड, १०च्या खाली अतिजड. १० अंशाला तेलाची घनता पाण्याइतकीच होते. याचा प्रयोगात त्रास होतो. फिरत्या थेंबाच्या नळीत सीमेवरचा ताण मोजताना हिशेबात दोन घनतांमधला फरक गुणाकारात येतो. फरक ०.०२ ग्रॅम प्रति घनसेंमी आणि तो मोजण्यातली चूक ०.००५ असेल, तर उत्तर २५ टक्क्यांनी चुकतं. टोल्युईन (एक पातळ द्रावक) घालून तेल हलकं केलं तर ताण मोजला जातो, पण तो वेगळ्याच तेलाचा. म्हणून 'जड' राहू द्या.

खनिजवाचक
व्याख्या घनतेची, पण तेल बाहेर येत नाही ते श्यानतेमुळे, म्हणजे वाहायला होणाऱ्या विरोधामुळे. धातू घालून कमी करायची ती श्यानताच. उपाय ज्याच्यावर आहे त्याचं नाव मागे का टाकायचं?

अनुवादिका
'रिकव्हरी'ला 'पुनर्प्राप्ती' लिहिलं आहे, तेवढं तरी बरोबर?

शुद्धलेखन
हरवलेलं परत मिळालं तर पुनर्प्राप्ती. हे तेल आधी कुणाच्या हाती नव्हतंच. 'उपसा' म्हणा.

द्रवगती
उपसा म्हणजे किती बाहेर काढलं. रिकव्हरी म्हणजे होतं त्यातलं किती आलं, आणि त्याला आपल्याकडे शब्द आहे: उतारा. साखर उतारा म्हणतो तसा तेल उतारा. वाळूच्या नळीत १०० मिली तेल भरलं, नुसत्या वाफेने ४५ आलं, उत्प्रेरकाने आणखी ८. उतारा ४५वरून ५३ टक्के. 'पुनर्प्राप्ती वाढली' यातून हे कळत नाही.

तळटीप
शब्द उत्तम, पण ते ८ मिली नक्की तेलच आहे का ते आधी पाहा. सर्फॅक्टंटमुळे बाहेर येतं ते बहुधा पायस (इमल्शन) असतं, पाणी अडकलेलं. मोजपात्रावर वाचलेला आकडा पाण्यासकट असतो आणि उतारा फुगतो. टोल्युईनबरोबर उकळून पाणी वेगळं मोजायचं आणि वजा करायचं. श्यानतेचंही तसंच, फक्त उलट दिशेने: पाणी न काढता मोजली तर ती जास्त दिसते आणि चांगला उत्प्रेरक नापास होतो.

शुद्धलेखन
आणि उसाचं वजन काट्यावर होतं. भूगर्भातल्या तेलाचा भाजक अंदाजाचा असतो. वाळूच्या नळीला उतारा चालेल, तेलक्षेत्राला नाही.

द्रवगती
भाजक अंदाजाचा असला तरी गुणोत्तर गुणोत्तरच राहतं. आणि 'पायस' लिहिणार असाल तर तेलात पाणी की पाण्यात तेल तेही लिहा. पहिलं मूळ तेलाहून दाट असतं, दुसरं पातळ.