प्रतिसाद: टेबलस्पेस दुसऱ्या डिस्कवर नेताना

‘जुनी टेबलं दुसऱ्या डिस्कवर टेबलस्पेस करून टाका, पुढे ती डिस्क गेली तरी मूळ डेटाबेस शाबूत’ असं वर म्हटलंय. (टेबलस्पेस म्हणजे टेबलांच्या फाइली ठेवायला डेटाबेसला नेमून दिलेलं वेगळं फोल्डर.) पहिलं अर्धं मान्य. दुसरं पोस्टग्रेस (PostgreSQL) या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये अजिबात खरं नाही. टेबलस्पेस बाहेर दिसली तरी ती त्याच क्लस्टरचा, म्हणजे एका सर्व्हरखालच्या सगळ्या डेटाबेसच्या संचाचा, भाग असते. मुख्य डेटा डिरेक्टरीत तिची फक्त सिमलिंक (त्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) असते आणि कॅटलॉगची (कुठलं टेबल कुठे आहे वगैरे नोंदींची) माहितीही तिथेच. त्यामुळे टेबलस्पेसचं फोल्डर उचलून दुसऱ्या सर्व्हरला जोडता येत नाही, आणि ते हरवलं तर अख्खा सर्व्हर सुरू व्हायला नकार देऊ शकतो. रॅमडिस्कवर (मेमरीत बनवलेल्या, मशीन बंद होताच पुसल्या जाणाऱ्या डिस्कवर) टेबलस्पेस ठेवायची हौस असेल तर तीही याच कारणासाठी आवरा.

आणखी एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. टेबल हलवलं की त्याचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) आपोआप सोबत जात नाहीत, ते जुन्याच डिस्कवर राहतात. त्यांना वेगळी आज्ञा द्यावी लागते. आमच्याकडे जुन्या बिलांच्या टेबलावर इतके इंडेक्स होते (रिपोर्टवाल्यांची कृपा!) की नुसतं टेबल हलवून जेमतेम निम्मी जागा सुटली असती. शिवाय फाइल कॉपी होईपर्यंत टेबलाला पूर्ण लॉक लागतो, साधं वाचनसुद्धा थांबतं, म्हणून मोठी टेबलं रात्रीच घ्या. आणि थेट माउंट पॉइंटवर (नवी डिस्क ज्या फोल्डरला जोडलेली असते तिथे) टेबलस्पेस करू नका. त्याच्या आत पोस्टग्रेस युजरच्या मालकीचं वेगळं फोल्डर करा, म्हणजे परवानग्यांची कटकट होत नाही.