बाबांच्या बायॉप्सीत कॅन्सर नाही, पण 'क्रॉनिक इन्फ्लमेशन' आहे. मदत हवी आहे

जागरण: प्रोस्टेटच्या बायॉप्सीचा रिपोर्ट काल मिळाला. बारा तुकडे, कशातही कॅन्सर नाही. पण शेवटच्या ओळीत 'क्रॉनिक इन्फ्लमेशन'. डॉक्टर "तीन महिन्यांनी या" म्हणून मोकळे. रात्रभर वाचत बसलो. कुठे म्हणतात जुनाट सूज हीच कॅन्सरची सुरुवात, कुठे बॅक्टेरियाला दोष. मग आत्ताच अँटिबायोटिक सुरू केलं तर? लवकर सांगा.

चष्मेवाला: वय? पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) किती? एमआरआय झाला का?

जागरण: ६८. पीएसए ९.४, म्हणून तर बायॉप्सी केली ना! एमआरआयमध्ये पाचपैकी '३ नंबर' लिहिलंय, म्हणजे संशय मधलाच. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या की कुणीतरी.

स्पष्टवक्ता: द्या बिनधास्त. माझ्या मेव्हण्याचा ८ होता. महिनाभर सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक घेतलं, साडेचारवर आला.

चष्मेवाला: औषध न घेताही उतरला असता कदाचित. पीएसए वरखाली होतच असतो. लक्षणं नाहीत, लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) स्वच्छ आहे, तर नुसता आकडा खाली आणायला अँटिबायोटिक देत नाहीत. त्या गोळीने टाचेमागची कंडरा तुटलेली माणसं आहेत.

स्पष्टवक्ता: तुमचा मेव्हणा की माझा?

कुतूहल: पण बॅक्टेरियाची शंका अगदीच हवेतली नाही हो. सुजेच्या जागी पेशी मरतात, नव्या घाईघाईने तयार होतात, त्यात डीएनएला इजा होते. प्रोस्टेटमध्ये अशा आक्रसलेल्या पण जोरात वाढणाऱ्या पेशींचे पट्टे दिसतात, त्यांना काही संशोधक कॅन्सरची पूर्वपायरी मानतात. पोटात अल्सर आणि कॅन्सर करणाऱ्या एच. पायलोरी या जंतूवर तरी आधी कुणी विश्वास ठेवला होता? २००५ला नोबेल मिळालं!

चष्मेवाला: तिथे जंतू पक्का सापडला. इथे मुरमांचा जंतू सापडतो, जो कातडीवर असतोच, मग तो मुळात आत होता की तुकडा काढताना आला? २००६मध्ये प्रोस्टेट कॅन्सरमध्ये सापडला म्हणून एक्सएमआरव्ही या विषाणूचाही असाच गाजावाजा झाला होता. प्रयोगशाळेतली भेसळ निघाली, २०१२ला तो निबंध मागे घेतला.

रात्रपाळी: मला रात्री चारदा उठावं लागतं. हे त्यातलंच का?

चष्मेवाला: वेगळा धागा काढा. जागरण, तुमच्या कामाचं सांगतो. ड्युटास्टेराइड या प्रोस्टेट लहान करणाऱ्या गोळीच्या एका मोठ्या चाचणीत पहिली बायॉप्सी स्वच्छ आलेले पुरुष होते. त्यांच्यापैकी ज्यांच्या तुकड्यांत सूज होती, त्यांना पुढच्या बायॉप्सीत कॅन्सर *कमी* सापडला. सुजेनेच पीएसए चढला असावा, एवढाच अर्थ.

कुतूहल: अर्धंच सांगताय. फिनास्टेराइड या तशाच गोळीच्या चाचणीत, गोळी न घेणाऱ्या गटात, उलटं निघालं होतं. सूज असलेल्यांत कॅन्सर जास्त, त्यातही आक्रमक जातीचा.

चष्मेवाला: तिथे पीएसए साधा असलेल्यांचीही बायॉप्सी केली होती. तुलनाच वेगळी.

जागरण: तुमचं भांडण होऊ द्या, मी थांबतो.

माईसाहेब: बाळा, चिडू नकोस. पीएसएचं रक्त घेतलं त्याच्या आधी महिनाभरात बाबांना ताप वगैरे आला होता का?

जागरण: हो, लघवी अडली होती म्हणून नळी घातली होती. मग थंडी वाजून ताप. नळी असतानाच रक्त घेतलं. त्याचा काय संबंध?

चष्मेवाला: अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं. नळी आणि इन्फेक्शन, दोन्हींनी पीएसए चढतो. उतरायला सहा-आठ आठवडे जातात. डॉक्टर तीन महिने म्हणाले ते उगीच नाही.

स्पष्टवक्ता: म्हणजे इन्फेक्शन होतंच. मी काय म्हणत होतो?

माईसाहेब: आणि लघवीसाठी रोजची गोळी चालू आहे का? काही गोळ्यांनी सहा-बारा महिन्यांत पीएसए निम्मा दिसू लागतो. मग पुढचा आकडा दुप्पट करून वाचावा लागतो.

जागरण: आत्ता डबा उघडला. पट्टी कापलेली आहे, कडेला नुसतं '...स्टेराइड' उरलंय.

चष्मेवाला: कधीपासून घेतायत?

जागरण: झोपलेत. उठले की विचारतो.