मदत हवी आहे: गाडीच्या रिमोटवरची घंटी काढू की ठेवू?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. गाडी चालवते, पण तिच्या वायरिंगमधलं मला कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची गाडी नऊ वर्षं जुनी, लहान, पांढरी. दोन वर्षांपूर्वी धुळ्यात जुनीच घेतली. आधीच्या मालकाने बाहेरून सिक्युरिटी सिस्टीम बसवलेली होती, तिचे दोन रिमोट मिळाले. एक माझ्या पर्सला असतो, दुसरा घरात दाराजवळच्या खुंटीला. रिमोटवर चार बटणं आहेत: बंद कुलूप, उघडं कुलूप, डिकी, आणि चौथ्यावर घंटीचं चित्र. ते दाबलं की बॉनेटखालचा सायरन कोकलायला लागतो, चारही इंडिकेटर लुकलुकतात आणि पुन्हा दाबेपर्यंत थांबत नाहीत. याला पॅनिक बटण म्हणतात. आमच्या घरात मात्र घंटीच.

आधी त्रास सांगते. पर्समध्ये डबा, वह्या, पाण्याची बाटली असते. त्यात रिमोट दाबला जातो आणि शाळेच्या फाटकासमोर गाडी बोंबलायला लागते. वर्गातून धावत यावं लागतं. मागच्या महिन्यात एका अंत्ययात्रेला गेलो होतो, तिथे वाजली. माणसं रडत होती आणि मी पर्समध्ये हात घालून रिमोट शोधत होते. तो दिवस अजून मनातून जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे रात्रीचं. गाडी दारापुढेच उभी असते. गेल्या दोन महिन्यांत पाच-सहा वेळा ती रात्री दोन-तीनच्या सुमारास आपोआप वाजली. शेजारचे काका हृदयाचे पेशंट आहेत, पलीकडचा मुलगा यंदा बारावीला आहे. परवा काकू म्हणाल्या, "वहिनी, आते तुमनी गाडी वाजनी तरी आम्ही उठतस नही." रागाने नाही म्हणाल्या, थकून म्हणाल्या. मला त्याचंच जास्त लागलं.

कारण याच घंटीने जानेवारीत आमच्या घरावरचं मोठं संकट टाळलं. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे मिस्टर गहू भरायला मळ्यात गेलेले. घरात मी आणि सासूबाई. रात्री एकच्या पुढे त्या मोरीत पडल्या. साखर एकदम उतरलेली, अंग घामाने ओलं, बोलणं अडखळत होतं. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. त्यांचं डोकं मांडीवर घेतलेलं, सोडून जायची हिंमत होईना. हात लांबवला तर खुंटीवरचा रिमोट हाताला लागला आणि मी घंटी दाबली. दोन मिनिटांत काका, काकू, समोरचे दादा, सगळे दारात. काकूंनी साखरेचं पाणी आणलं, दादांनी त्यांची गाडी काढली. सासूबाई आता ठणठणीत आहेत.

आणखी एक उपयोग, छोटा. मंगळवारी मंगळग्रह मंदिरात गर्दी असते, पार्किंगमध्ये पांढऱ्या गाड्यांची रांगच रांग. तिथे एकदा घंटी दाबली की आपली गाडी सापडते. पण तेवढ्यासाठी चार माणसं दचकवणं मला बरं वाटत नाही. कुलपाचं बटण दाबून इंडिकेटर बघितले तरी चालतं.

गावातल्या दुकानात गेले तर तो म्हणाला, "ताई, सायरनची वायर कापून टाकतो, पाच मिनिटांचं काम." मिस्टरही आता तेच म्हणतात. सासूबाई म्हणतात, "ती घंटी काढू नको माय, तिना आधार शे." मलाही काढायची नाही. पण ती अशीच उगाच वाजत राहिली तर खरी गरज पडेल त्या रात्री कोणी दार उघडणार नाही. दाबली तरच वाजेल, एरवी गप्प राहील, असं काही करता येतं का? आणि खुंटीवर टांगलेल्या रिमोटमुळे रात्री गाडी वाजते ती कशी?

—

प्रतिसाद, धुळ्याहून

ताई, वायर कापू देऊ नका. मी वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. सायरनची वायर कापली की चोरीचा अलार्मही गेला, आणि उघडी वायर बॉनेटखाली तशीच लोंबकळत राहिली तर शॉर्ट व्हायची भीती वेगळीच.

दिवसाचा त्रास आणि रात्रीचा त्रास, ही दोन वेगळी दुखणी असावीत असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पर्समध्ये बटण दाबलं जातं, ते समजलं. पण खुंटीवरचा रिमोट स्वतःहून दाबला जात नाही. फक्त बटणाखालचं रबर चिकटून बसलं असेल तर होतं तसं. मग त्याचा सेलही लवकर उतरतो. तुमचा सेल वारंवार बदलावा लागतो का?

तपासायचं सोपं आहे. दोन्ही रिमोटचे सेल काढून ठेवा आणि गाडी नेहमीसारखी अलार्मवर ठेवा. लॉक केल्यावर सेल काढायचे, सकाळी परत घालायचे. चार-पाच रात्री असं करा. तरीही वाजली, तर घंटीचा काही दोष नाही. मग गाडीतला शॉक सेन्सर बघायचा. धक्का किंवा थरथर जाणवली की तो सायरन वाजवतो. बॉनेटच्या कडेला एक छोटा स्विच असतो, तो गंजला तरी हाच प्रकार होतो.

—

प्रतिसाद, चाळीसगावहून

सेल काढताना आकडा बघून घ्या. नाण्यासारखा असेल तर बहुतेक सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. आकड्यातच माप असतं: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. दुकानदार कधी कधी २०२५ हातात देतो. तो २.५ मिलिमीटरचा, म्हणजे पातळ. आत हलतो आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. बाहेरून बसवलेल्या काही सिस्टीममध्ये लहान नळीसारखा १२ व्होल्टचा सेल असतो, तसं असेल तर तोच आणा.

आणि उन्हाळ्यात रिमोट डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतं, बंद गाडीत काचेखाली त्याहून कितीतरी जास्त. सेल लवकर मरतो.

—

प्रतिसाद, नंदुरबारहून

मी नर्स आहे, रात्रपाळी करून एकटी घरी येते. गाडीपर्यंत चालताना अंगठा कायम त्या बटणावर असतो. दोनदा कोणी मागे येतंय असं वाटलं तेव्हा दाबलं आणि मागचा माणूस वळून गेला. म्हणून ताई, काढू नका एवढंच सांगेन. मात्र सायरन वाजला की कोणी येईलच, या भरवशावर राहू नका. ११२ फोनमध्ये वर ठेवा, पोलीस आणि रुग्णवाहिका दोन्हीसाठी तो एकच नंबर चालतो. आणि रात्री फोन आतल्या खोलीत ठेवू नका. तुमच्या प्रसंगात मला तेच खटकलं, बोलले म्हणून राग नसावा.

—

प्रतिसाद, जळगावहून

शेजारी बोलले नाहीत हा त्यांचा मोठेपणा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत राहत्या वस्तीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. गाडीचा सायरन त्याच्या फार वर जातो. संकटात वाजवला तर कोणी काही म्हणणार नाही, पण बिघाडामुळे रोज वाजत असेल तर दुरुस्त करून घेणं आपलं काम आहे.

सासूबाईंसाठी एक वेगळं सुचवतो. बिनवायरची दारावरची बेल मिळते. तिचं बटण सासूबाईंच्या उशाशी ठेवा आणि वाजणारा भाग काकूंच्या घरात, त्यांना विचारून. फक्त प्लगवर चालणारी घेऊ नका, लाइट गेली की ती मुकी. सेलवर वाजणारी बघा. आणि मध्ये किती भिंती आहेत ते बघून आधी वाजवून पाहा.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, राग कशाला, फोन त्या दिवसापासून उशाशीच असतो.

धुळ्याच्या दादांनी सांगितलं तसं रविवारपासून रोज रात्री सेल काढून ठेवले. सेल वारंवार बदलावा लागत नाही, वर्षभर तोच आहे. तिसऱ्या रात्री गाडी वाजली! सेल टेबलावर, रिमोट रिकामे, आणि गाडी वाजतेय. सेल परत घालून बंद करीपर्यंत काकूंच्या घरातला दिवा लागला होता. मी दारात उभी होते तेवढ्यात लक्षात आलं की मागून मालगाडी जातेय. आमचं घर सुरत-भुसावळ लाइनपासून जवळ आहे. गाड्या तर वर्षानुवर्षं जातात, मग आताच का वाजावं?

—

प्रतिसाद, धुळ्याहून

दोन महिन्यांपूर्वी गाडीचं काही काम केलंत का? डॅशबोर्ड उघडला होता का?

—

धागाकर्ती

हो, टेप बसवला होता.

—

प्रतिसाद, धुळ्याहून

मग तिथेच आहे. शॉक सेन्सर बहुतेक स्टीअरिंगखाली किंवा डॅशबोर्डच्या आत चिकटवलेला असतो. टेप बसवताना तो सुटला असेल आणि आता वायरवर लोंबकळत असेल, किंवा त्यावरचा छोटा स्क्रू फिरला असेल. तो स्क्रू संवेदनशीलतेचा. एकीकडे फिरवला की मांजर चढलं तरी वाजतं, दुसरीकडे फिरवला की काच फुटली तरी वाजत नाही. सेन्सर घट्ट बसवून घ्या आणि स्क्रू थोडा थोडा कमी करत काचेवर मुठीने थाप मारून बघा. हलक्या थापेला गप्प, जोरात मारली तर वाजलं पाहिजे.

आता घंटी. तुमच्याकडे दोन रिमोट आहेत हे बरं आहे. पर्सचा रिमोट उघडा. रबरी बटणांच्या पाठीला काळे ठिपके असतील, तर घंटीच्या ठिपक्यावर पातळ चिकटपट्टीचा तुकडा लावा. ते बटण मुकं होईल, बाकी तिन्ही चालतील, आणि पुन्हा हवं झालं तर पट्टी काढली की झालं. आत टिकटिक वाजणारे बारीक स्विच असतील तर पट्टीने होणार नाही. मग कडक कव्हर घ्या, ज्यात बटणं आत खोल राहतात. खुंटीवरच्या रिमोटला हात लावू नका. तो घरच्या संकटासाठीच आहे.

—

धागाकर्ती

दादा, सेन्सर खरंच लोंबकळत होता. मिस्टरांनी स्वतः बघितलं आणि मग वायर कापायचं नाव काढलं नाही. घट्ट बसवून आज अकरा रात्री झाल्या, तेवढ्याच मालगाड्या गेल्या असतील, एकदाही वाजली नाही. पर्सच्या रिमोटला ठिपके निघाले, पट्टी लावली.

खुंटीचा रिमोट आता सासूबाईंच्या पलंगाला दोरीने बांधलाय, त्यांच्या हाताला येईल असा. काल संध्याकाळी काका-काकूंना आणि समोरच्या दादांना चहाला बोलावलं आणि काय बिघडलं होतं ते सगळं सांगितलं. सासूबाईंनी स्वतः एकदा दाबून दाखवली, सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी. काकू म्हणाल्या, आता रात्री वाजली तर मी चप्पल न घालता येईन. बेलचंही विचारलं. काका म्हणाले, आणा, आमच्या देवघराजवळ लावू.

सेलवर वाजणारी बेल जळगावात कोणी वापरली असेल तर किती भिंती ओलांडते ते सांगा. आमच्यात आणि त्यांच्यात दोन भिंती आणि एक बोळ आहे.